धारवाडजवळ गाव निवडताना वापरलेल्या सरकारी सेवा: एका सांगलीकर घराचा रिव्ह्यू

महाराष्ट्रातून कर्नाटकातल्या एखाद्या खेड्यात बिऱ्हाड हलवायचं ठरलं असेल, तर एजंटला फोन लावण्याआधी तीन गोष्टी मोबाइलवर उघडा: जल जीवन मिशनचं गावाचं पान, यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंद-साइटवरची शाळेची माहिती आणि जमिनीचा सर्व्हे नंबर दाखवणारं दिशांक अ‍ॅप. तिन्ही फुकट आहेत. तिन्हींनी मला जेवढं सांगितलं, तेवढं पैसे घेणाऱ्या माणसानं सांगितलं नाही. पण प्रत्येकीची एक हद्द आहे आणि ती हद्द कुठे संपते हे कळलं नाही, तर स्क्रीनवर उत्तम दिसणारं गाव एप्रिल-मेमध्ये जड जातं. म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू.

आमचं घर असं. नवऱ्याची बदली धारवाडला झाली. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे जिना बंद. मुलगी पाचवीतून सहावीत जाणारी, मुलगा पहिलीच्या वयाचा. मी सांगलीतल्या छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्न घरातून भरते, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेला माझी वीज आणि नेट गेलेलं चालत नाही. सासूबाईंना अंगण हवं होतं, मुलांना मोकळी जागा हवी होती, आणि शहरातल्या फ्लॅटच्या भाड्यात गावात अख्खं घर मिळतं हेही होतंच.

धारवाडच्या आजूबाजूला गाव शोधणाऱ्यानं एक गोष्ट आधी नकाशावर पाहून घ्यावी. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की मुलूख झपाट्यानं बदलतो. पश्चिमेला अळणावर, हळियाळ, कलघटगी हा मलनाडाच्या, म्हणजे डोंगराळ पावसाळी मुलखाच्या कडेचा पट्टा: भात, ऊस, जंगल, भरपूर पाऊस, लाल माती. पूर्वेला नवलगुंदच्या बाजूला सपाट काळी जमीन, कापूस, हरभरा, उन्हाळ्यात भेगाळलेली शेतं. दोन्हीकडची गावं धारवाडपासून रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात येतात, त्यामुळे एजंट दोन्ही दाखवतो आणि अंतर सारखंच आहे म्हणतो. अंतर सारखं असेल, पण पाणी, माती आणि घराचा पाया सारखा नसतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर साध्या पायाचं घर बांधलं की भिंतींना तिरप्या भेगा पडतात. भाड्यानं घर घेणाऱ्यानंसुद्धा खिडक्यांच्या कोपऱ्यांवरच्या भेगा बघाव्यात. नुकताच चुना मारलेला असेल तर आणखी नीट बघाव्यात.

आता पाण्याकडे येते, कारण माझ्या मते गाव इथेच ठरतं. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी हे त्याचं माप. त्याच्या साइटवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं उतरत गेलं की गावाचं पान उघडतं. एकूण घरं किती, नळजोडण्या किती, पाण्याचे नमुने तपासले का, हे तिथे दिसतं. परक्या राज्यात बसून, कुणाचीही ओळख नसताना, एका गावाच्या नळांचा हिशेब दिसतो ही साधी गोष्ट नाही. मी यादीतली गावं आधी या पानावरूनच गाळली.

हद्द अशी की हे पान जोडण्या मोजतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, ते तिथून कळत नाही. त्यासाठी गावात जावं लागतं, आणि जायचं तर एप्रिल-मेमध्ये. जून उजाडल्यावर सगळीच गावं हिरवी दिसतात. गावात गेल्यावर मी ज्या घराबद्दल बोलणं चालू असे ते सोडून शेजारच्या घरांची अंगणं बघायची. निळी प्लॅस्टिकची पिंपं किती आहेत, त्यांना झाकणं आहेत का, आतल्या बाजूला पाण्याच्या रेषा कुठवर आहेत. पूर्वेकडच्या एका गावात पानावर नळजोडण्या पूर्ण होत्या. शेजारणीच्या ओट्याखाली मात्र पिंपांची रांग, त्यांच्या आड सिमेंटची टाकी, आणि टाकीच्या तोंडावर गाळायला बांधलेलं धुवट धोतर. मी पाठ करून आणलेलं वाक्य विचारलं, "ब्यासग्याग नीर बर्तावेन्री?" उन्हाळ्यात पाणी येतं का. बाई हसल्या, मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "येतंय की अक्का, आठ दिवसाला एकदा. तवा रात्री जागाय लागतंय." ज्या घरात ७२ वर्षांची सासू आणि दोन शाळकरी मुलं आहेत, त्या घराचा निर्णय या एका वाक्यावर होतो.

दुसरी गोष्ट फ्लोराइड. उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यात, गदग, कोप्पळ, रायचूरकडे, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याचा प्रश्न जुना आहे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. धारवाडच्या पूर्वेला जसजसं जाल तसतसं हे विचारणं महत्त्वाचं, विशेषतः घर बोअरवर असेल तर. मुलांचे पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग कायमचे राहतात. माझा मुलगा नेमका त्या वयात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. आरओ लागतो. गावाच्या पानावर पाणी-तपासणीची नोंद असेल तर ती वाचा. नसेल तर ग्रामपंचायतीत तपासणी संचाबद्दल विचारा किंवा बाटलीभर पाणी नेऊन प्रयोगशाळेत द्या. आणि गावातल्या शाळेत गेलात की हसणाऱ्या मुलांच्या दातांकडे जरा लक्ष द्या. कागद जे सांगायला विसरतो ते तिथे दिसतं.

शाळेसाठी यूडायस प्लस. प्रत्येक शाळेला ११ अंकी कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. शाळा शोधली की वर्ग कुठवर, माध्यम कोणतं, शिक्षक किती, खोल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह, वीज, पिण्याचं पाणी अशी माहिती मिळते. मला ही सेवा मनापासून आवडली. पालक म्हणून जे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारायला संकोच वाटतो, त्यांची उत्तरं आधीच हातात असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. पटसंख्या आणि शिक्षकांचा आकडा शेजारी ठेवला की अंदाज येतो. पण पाच वर्ग आणि दोन शिक्षक असतील, तर प्रमाण कागदावर बसतं आणि तरी एका खोलीत तीन इयत्ता बसतात. त्यामुळे वर्ग आणि शिक्षक असा हिशेब करा. मुलं आणि शिक्षक एवढ्यावर थांबू नका.

भाषेचा प्रश्न टाळून चालत नाही. कर्नाटकात २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं पहिली ते दहावी सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक आहे, मग बोर्ड कोणतंही असो. मुलगा पहिलीत, त्याला काही वाटणार नाही, सहा महिन्यांत तो माझा दुभाषी होईल. खरी कसरत सहावीतल्या मुलीची. तिच्या वर्गातली मुलं पाच वर्षं कन्नड लिहीत आलेली. आम्ही तिच्यासाठी इंग्रजी माध्यम आणि सोबत कन्नड असं ठरवलं, आणि त्यासाठी गाव निवडताना शाळेची बस कुठपर्यंत येते हा मुद्दा वरचढ ठरला. ज्यांना मराठी माध्यमच हवं असेल त्यांनी वायव्येला, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पाहावं. तिथे मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत. पण तिथून धारवाडची रोजची ये-जा लांब पडते, आणि खानापूरच्या पश्चिम टोकाला, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस इतका असतो की ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आठवडा काढल्याशिवाय हो म्हणू नये.

दाखल्याबद्दल दोन शब्द, कारण यात फार मनस्ताप होतो. मुलीच्या आधीच्या शाळेनं (नाव देत नाही) दाखला द्यायला टाळाटाळ केली. "नव्या शाळेचं प्रवेशपत्र आणा, मग बघू" असं सुरू झालं, आणि नवी शाळा दाखला मागत होती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ इथे कामी आलं. राज्यातल्या राज्यात असो वा राज्याबाहेर, आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मी कलमाचा उल्लेख करून साधं पत्र दिलं आणि पोच घेतली. मग काम झालं. दाखल्यावर मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे यूडायसमधला कायमचा शिक्षण क्रमांक, आहे का ते जागेवरच बघा. नव्या राज्यात मुलाची नोंद पुढे चालू होण्यासाठी तो विचारला जातो.

आणि तारखा! महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला धरतात, कर्नाटकात १ जूनला. ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल इकडे पहिलीत बसतं आणि तिकडे बसत नाही, असं होऊ शकतं. गाव पक्कं करण्याआधी हे शाळेत विचारून घ्या. शिवाय कर्नाटकातल्या शाळा आपल्यापेक्षा लवकर, मे अखेरीला उघडतात. आपल्या जूनच्या मध्याच्या हिशेबानं सामान हलवलं, तर मुलांचे पहिले दोन आठवडे बुडतात.

दिशांक. हे अ‍ॅप कर्नाटकाच्या दूरसंवेदन केंद्रानं केलेलं आहे. तुम्ही जिथे उभे आहात तिथला सर्व्हे नंबर ते नकाशावर दाखवतं. जमीन विकत न घेणाऱ्यालाही याचा उपयोग आहे. आम्हाला एक टुमदार बैठं घर दाखवलं होतं, मागे विहीर, समोर आंब्याचं झाड. एजंटनं सर्व्हे नंबर एक सांगितला, अंगणात उभं राहून अ‍ॅप उघडलं तर दुसराच. शेजारी तळ्याची हद्द दिसत होती. म्हणजे घर कदाचित तळ्याच्या जागेत सरकलेलं. भाडेकरूला उद्या कुणी बाहेर काढणार नाही असं एजंटचं म्हणणं होतं, पण ज्या घराची वीज-पाण्याची जोडणीच वादात येऊ शकते तिथे सासूबाईंना घेऊन का जायचं? तिथून निघालो. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, म्हणून बांधाला चिकटलेल्या घरासाठी फक्त याच्यावर विसंबू नका. अंगणाच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर उभं राहून बघा. सगळीकडे एकच नंबर आला तर बरं.

त्याच नंबरावरून मग भूमी. हा कर्नाटकाचा जमीन-नोंदींचा संगणकीकृत कारभार, २००० पासूनचा. आपला सातबारा तशी तिकडची पहाणी, ऑफिसात आरटीसी म्हणतात. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा असं भरत जायचं. होबळी हा तालुका आणि गाव यांच्या मधला टप्पा आपल्याकडे सातबारा शोधताना भरावा लागत नाही, त्यामुळे ती कोणती ते आधी विचारून ठेवा, नाहीतर यादीत गाव सापडत नाही. पहाणी कन्नडमध्ये असते. मी मोबाइलच्या भाषांतरावर नावं कशीबशी लावली, पण बोज्याचा रकाना, म्हणजे बँकेचं कर्ज किंवा कोर्टाचा मनाई हुकूम जिथे लिहिलेला असतो तो, जाणत्या माणसाकडूनच वाचून घेतला. यात कंजुषी करू नये. आमच्या घरमालकांची पहाणी त्यांनी स्वतःच पुढे केली, तेव्हा अर्धी काळजी तिथेच गेली.

गावठाणातल्या घराची गोष्ट वेगळी. तिथे ग्रामपंचायतीची ई-स्वत्तू ही नोंद बघायची. फॉर्म ९ आणि ११-अ असेल तर मालमत्ता रीतसर मानलेली, ११-ब असेल तर रहिवासी वापराची पूर्ण परवानगी नसलेली. घर विकत घ्यायचं असेल तर कर्नाटकाच्या दस्तनोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून बोजा-प्रमाणपत्र काढा. व्यवहार असतील तर ते फॉर्म १५ वर येतात, काहीच नसेल तर फॉर्म १६.

विकत घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. कर्नाटकानं २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढून टाकली, आणि तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही तिथे शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर शेतजमिनीचा व्यवहार अडतो, त्यामुळे तिथून जाणाऱ्याला हे फार मोकळं वाटतं, आणि एजंट नेमकं हेच पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. दार उघडं आहे म्हणून आत गेलंच पाहिजे असं नाही. एक पावसाळा, एक उन्हाळा, शाळेचं एक वर्ष होऊ द्या. भाडेकरार ११ महिन्यांचा, दोन साक्षीदार, आणि करारात पाण्याचा स्रोत आणि विजेच्या मीटरचा आरआर नंबर लिहून घ्या. हा नंबर हेस्कॉमच्या, म्हणजे तिकडच्या वीज कंपनीच्या बिलावर असतो. राज्याच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूंनाही आहे, आणि तिच्यासाठी हाच नंबर आधारशी जोडतात.

विजेचं आणखी एक. शेतात एकटं उभं असलेलं घर आणि गावठाणातलं घर, यांचा पुरवठा एकसारखा असेलच असं नाही. शेतपंपांना थ्री-फेज वीज दिवसाचे ७ तास असते. शेतातलं घर त्याच लाइनवर असेल तर उरलेल्या वेळात काय मिळतं हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. मला शेतातलं एक घर फार आवडलं होतं, पण २० तारखेला संध्याकाळी रिटर्न अडकलं तर माझ्या व्यापाऱ्याला दंड बसतो. गावठाणात घर घ्यायचं हे तिथेच ठरलं. नेटसाठी दोन कंपन्यांची सिम घेऊन घराच्या आतल्या खोलीत, दार लावून तपासलं. ओट्यावर रेंज चांगलीच येते, जाड मातीच्या भिंतींच्या आत येत नाही.

दवाखान्याचं मोजमाप सरकारी निकषात असं आहे: सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० मागे. म्हणजे पाच-सहा गावं सोडून केंद्र असणं सर्वसाधारण आहे. तिथे जाऊन दोन प्रश्न विचारा: रात्री कोण असतं, आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का. पश्चिम पट्ट्यात भाताची खाचरं आहेत, हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. मोठ्या आजाराला हुबळी-धारवाड जवळ आहे आणि तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे, ही या भागाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. आम्ही रात्री दहा वाजता गावातून हुबळीपर्यंत गाडी चालवून पाहिली. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसलेल्या. त्या वेळात पोचायला किती लागतं तोच खरा आकडा.

बसबद्दल बायकांनी आवर्जून वाचावं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून प्रवास मोफत आहे. त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. आधारवरचा पत्ता बदलायला वीजबिल आपल्या नावावर नसतं, पण यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्याचा दाखला चालतो. घरातल्या एकाचा पत्ता बदलला की कुटुंबप्रमुखाच्या आधारावर बाकीच्यांचा ऑनलाइन बदलता येतो. मी हे पहिल्याच महिन्यात केलं. गाव निवडताना मात्र मोफत बसपेक्षा मुक्कामी बस आहे का ते विचारा. जी गाडी रात्री गावात थांबते तीच सकाळी पहिली सुटते. अशा गावातली मुलं शाळा-कॉलेजला वेळेवर पोचतात, दूधवाले, भाजीवाल्या बाजाराला वेळेत जातात. मुक्कामी बस असलेलं गाव बाहेरच्या जगाशी नीट बांधलेलं असतं, आणि मला वाटतं नव्या माणसानं अशाच गावात सुरुवात करावी.

बाकीची कागदपत्रं त्रासाची नाहीत. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. त्याआधी महाराष्ट्राच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, परिवाहन पोर्टलवरून. जुने चलन भरून टाका, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. कर्नाटकात कर भरल्यावर महाराष्ट्राकडून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. रेशन कार्ड 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे तिकडेही चालतं.

पैसे घेणारा एजंट, त्याचं नाव देत नाही. त्यानं "फॅमिली रिलोकेशन पॅकेज" म्हणून आगाऊ रक्कम घेतली, गावं दाखवली, आणि प्रत्येक ठिकाणी दृश्य दाखवलं: टेकडी, तळं, सूर्यास्त. पाणी किती दिवसांनी, शाळेत शिक्षक किती, आरोग्य केंद्र कुठे, यातलं एकही उत्तर त्याच्याकडे नव्हतं. उलट "मॅडम, ते सगळं होतंय" हे प्रत्येक प्रश्नावर. आमच्या हाती शेवटी जे घर लागलं ते त्याच्याकडून आलेलं नाही. गावातल्या दूध डेअरीवर सकाळी थांबलो, तिथल्या सचिवांनी तीन घरं सांगितली आणि सोबत कोणत्या घराच्या बोअरला मे महिन्यात गाळ येतो तेही सांगितलं.

शेवटी आम्ही अळणावरच्या बाजूचं गाव घेतलं. हळियाळकडचीही गावं बोलीभाषेनं फार जवळची वाटली, तिथे मराठी सहज कानावर येते. पण हळियाळ तालुका उत्तर कन्नड जिल्ह्यात, त्याचं जिल्हा मुख्यालय घाटापलीकडे समुद्रकाठी, कारवारला. एखादं काम जिल्ह्यापर्यंत गेलं तर दिवस जातो. शिवाय त्या भागात हत्तींचा वावर आहे, आणि रात्री उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याच्या दुचाकीसाठी मला तो रस्ता नको होता. अळणावर धारवाड जिल्ह्यात, तिथून पावसाळ्यातही रस्ता चालू, आणि रेल्वेचं स्टेशन आहे. लोंढा, बेळगाव, मिरज हीच लाइन. माझ्या आई-वडिलांना सांगलीहून यायचं तर मिरजेला बसून थेट येता येतं. या एका गोष्टीनं माझं मन पक्कं झालं हे मोकळेपणानं सांगते. माहेर तुटत नाही, एवढं गाव निवडताना बघणं काही कमी महत्त्वाचं नाही.

घराला पन्हाळी कौलं आहेत, पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते. घरमालकांनी झडीसाठी नारळाच्या झावळ्यांचा आडोसा बांधून दिला, तरी कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. पश्चिम पट्टा निवडणाऱ्यानं हे धरूनच चालावं. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात.

सामान हलवायचं असेल तर मेचा तिसरा आठवडा धरा. एप्रिलच्या सुट्टीत गावाचं पाणी बघून झालेलं असतं, शाळा उघडायला थोडे दिवस असतात, आणि ट्रक अंगणापर्यंत येतो. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर लाल मातीच्या त्या शेवटच्या पाव किलोमीटरवर ट्रक येत नाही, सामान ट्रॅक्टरवर उतरवून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.